नव्या कारकुनास द्यावयाच्या लेखी सूचना

कोणत्याहि जुन्या कचेरींत दोन दप्तरें असतात. एक कपाटांत बांधून ठेवलेलें, व दुसरें तेथील अनुभवी कारकुनाच्या डोक्यांत. "ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या किती?" असें त्यास विचारलें, तर आंकडा सांगण्यापूर्वीं तो उलट विचारील, "कोणता जिल्हा? पालघर वेगळा होण्यापूर्वींचा, कीं नंतरचा?" हा उलट प्रश्न कोणत्याहि वहींत लिहिलेला नसतो. आज कचेऱ्यांत एक नवा कारकून रुजू होत आहे. त्यास कृत्रिम बुद्धीचा 'एजंट' म्हणतात. त्याच्या स्वाधीन पहिलें दप्तर करतांना दुसऱ्याचें काय करावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ पाहूं. संगणकांत व्यवस्थित सांठविलेल्या माहितीच्या कोठारास डेटाबेस म्हणतात. ही माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांत मांडण्याच्या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनीं १९७० सालच्या निबंधांत घातला. व अशा कोष्टकांस प्रश्न विचारण्याची एस्क्यूएल ही भाषा त्याच दशकांत आयबीएम कंपनींत तयार झाली. एजंट हा मनुष्याची साध्या भाषेंतील मागणी वाचतो, त्यास दिलेल्या साधनांपैकीं एक निवडतो, त्याच्याकरवीं कोठारास प्रश्न करतो आणि उत्तर कळवितो. त्या साधनाच्या आंत काय चालतें हें त्यास सहसा दिसत नाहीं. साधनाचें नांव, त्याखालचें वर्णन व भरावयाचीं कलमें यांवरूनच तो निवड करतो.

आतां ठाण्याचेंच उदाहरण घेऊं. २०११ च्या जनगणनेप्रमाणें ठाणें जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती. त्या वेळीं जिल्ह्यांत पंधरा तालुके होते. १ ऑगस्ट २०१४ रोजीं त्यांपैकीं आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा झाला, आणि ठाण्याकडे सात राहिले. २०२१ सालीं व्हावयाची जनगणना लांबणीवर पडल्यामुळें २०११ चें कोष्टक पुढेंहि वापरांत राहिलें. समजा, साधनाखालीं "जिल्ह्याची लोकसंख्या देतें" एवढेंच लिहिलें आहे, आणि कोणी आजच्या ठाणें जिल्ह्यास रुग्णालयांतील खाटा किती लागतील असें विचारलें. एजंट जुना आंकडा घेऊन हिशेब करील, व जव्हार-मोखाड्याचीं माणसें ठाण्याच्या खात्यांत मोजलीं जातील. पालघरविषयीं विचारलें तर याहून विचित्र प्रकार घडेल. त्या कोष्टकांत पालघर नांवाचा जिल्हा नाहीं, परंतु तालुका आहे. तेव्हां तालुक्याचा लहानसा आंकडा जिल्ह्याचा म्हणून पुढें येईल. कोठेंहि बिघाड झाला नाहीं, उत्तर शुद्ध भाषेंत मिळालें. म्हणूनच तें अधिक घातक.

कल्याण-डोंबिवलीचेंहि असेंच आहे. महानगरपालिकेंतून सत्तावीस गांवें २००२ सालीं वगळण्यांत आलीं व २०१५ सालीं पुन्हां घेण्यांत आलीं. ज्या आंकड्यापुढें हद्दीचें साल नाहीं, तो आंकडा अर्धाच समजावा.

यास्तव प्रत्येक साधनाखालीं पुढील गोष्टी स्पष्ट लिहाव्या. तें कशासाठीं वापरावें आणि कशासाठीं वापरूं नये. प्रश्नांत काय काय द्यावयाचें व कोणत्या रूपांत. तारीख द्यावयाची तर दिवस आधीं कीं साल आधीं, आणि 'डोंबिवली' हें नांव कोष्टकांत कोणत्या अक्षरांनीं लिहिलें आहे. आंकडे एककांत आहेत कीं लाखांत. रिकाम्या रकान्याचा अर्थ शून्य, कीं माहिती नाहीं. उत्तराच्या ओळी फार झाल्यास किती दाखविल्या जातात. नाहींतर पहिल्या शंभर ओळींसच तो सर्व माहिती समजेल. शेवटीं, चूक झाल्यास काय करावें. "प्रश्न अयोग्य" एवढ्या उत्तरानें कोणीहि सुधारत नाहीं. "या नांवाचा जिल्हा या सालच्या कोष्टकांत नाहीं, तालुकावार मागा" असें लिहिल्यास मार्ग सांपडतो.

लोकसंख्येच्या साधनाचें वर्णन असें करतां येईल: "२०११ च्या जनगणनेंतील लोकसंख्या देतें. जिल्हे त्या वेळच्या हद्दींचे आहेत. ठाण्यांत आजचा पालघर समाविष्ट आहे. आजच्या जिल्ह्याची बेरीज हवी असल्यास त्याचे तालुके एकेक मागून मिळवावे. आजची लोकसंख्या म्हणून हा आंकडा देऊं नये." पांच वाक्यें, पण अनुभवी कारकुनाचा उलट प्रश्न त्यांत उतरला आहे.

मात्र एक भेद विसरूं नये. वर्णनानें समज येते, कुलूप लागत नाहीं. "नोंदी बदलूं नयेत" असें लिहून भागत नाहीं. त्या साधनास केवळ वाचण्याचीच परवानगी डेटाबेसमध्यें दिलेली असावी. तसेंच, वर्णन लिहून झाल्यावर ज्यांचीं उत्तरें आपणांस आधींच ठाऊक आहेत असे दहा-वीस प्रश्न एजंटास घालून पाहावे. तो जेथें चुकेल तेथें बहुधा आपलेंच वाक्य अपुरें असतें.

विद्यार्थ्यांनीं याचा पडताळा आजच पाहावा. ठाणें स्टेशनापासून आपल्या घरापर्यंतचा रस्ता, या गांवीं कधींहि न आलेल्या मनुष्यासाठीं कागदावर लिहून काढावा, आणि "नेहमींच्या वळणावर वळा" असें आपण कितीदां लिहिलें तें मोजावें. जें आपणांस नेहमींचें, तें नवख्यास अज्ञात असतें. मग तो नवखा मनुष्य असो वा यंत्र.