परीचे छायाचित्र आणि पुराव्याची मर्यादा

छायाचित्र खोटे बोलत नाही, ही समजूत छायाचित्रणाच्या कलेइतकीच जुनी आहे. तिची कसोटी पाहणारे एक प्रकरण इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डजवळच्या कॉटिंग्ली या खेड्यात घडले. १९१७ साली एल्सी राइट ही सोळा वर्षांची मुलगी आणि नात्याने तिची बहीण लागणारी नऊ वर्षांची फ्रान्सिस ग्रिफिथ्स यांनी घरामागच्या ओढ्याकाठी दोन छायाचित्रे घेतली. एकात फ्रान्सिससमोर चार पऱ्या होत्या. दुसऱ्यात एल्सीपाशी एक पंखधारी बुटका उभा होता. एल्सीच्या वडिलांनी ही पोरींची चेष्टा मानली. आईला मात्र ते खरे वाटले आणि तिच्यामार्फत ती चित्रे १९१९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या मंडळींकडे पोहोचली. पुढे सर आर्थर कॉनन डॉइल यांनी ‘स्ट्रँड’ मासिकाच्या डिसेंबर १९२० च्या अंकात ती प्रसिद्ध केली. शेरलॉक होम्सच्या जनकानेच पऱ्यांची साक्ष दिल्यामुळे प्रकरण जगभर गाजले.

डॉइल भोळे होते, असे म्हणून हा विषय संपवणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. त्यांनी चौकशी केली, तज्ज्ञांची मते मागवली. हॅरॉल्ड स्नेलिंग या छायाचित्रतज्ज्ञाने निगेटिव्ह पाहून निर्वाळा दिला, की ही चित्रे उघड्यावर, एकाच वेळी टिपलेली असून त्यांत जोडकाम नाही. एवढे म्हणणे बरोबरच होते. परंतु तेथे न थांबता, कागदी किंवा पुठ्ठ्याच्या आकृतींचा मागमूस नाही आणि पऱ्यांच्या हालचालीही दिसतात, असेही त्याने सांगून टाकले. कोडॅक कंपनीच्या तज्ज्ञांनी अधिक संयम दाखवला. बनवाबनवीची खूण दिसत नाही, पण म्हणून ही पऱ्यांची अस्सल छायाचित्रे ठरत नाहीत, असे सांगून त्यांनी प्रमाणपत्र नाकारले. इल्फर्ड कंपनीने तर लबाडीची शंका स्पष्टच बोलून दाखवली.

सत्य बाहेर येण्यास १९८३ साल उजाडावे लागले. ‘प्रिन्सेस मेरीज गिफ्ट बुक’ या १९१४ च्या पुस्तकातील चित्रांवरून एल्सीने आकृत्या रेखाटल्या होत्या, त्या कापून टोपीच्या टाचण्यांनी गवतात उभ्या केल्या होत्या. त्याच पुस्तकात डॉइल यांचीही एक कथा होती, हा दैवदुर्विलास! थोर लेखक फसल्यावर खरे सांगण्याची लाज वाटली, असे एल्सीने पुढे १९८५ मध्ये सांगितले. १९२० मध्ये आणखी तीन चित्रे घेण्यात आली होती. त्यांपैकी पाचवे अस्सल असल्याचा आग्रह मात्र फ्रान्सिसने अखेरपर्यंत सोडला नाही.

पावती आणि माल

स्नेलिंगच्या निर्वाळ्याचा पहिला भाग खराच होता, ही येथील मुख्य गोष्ट आहे. निगेटिव्हवर हात चालवलेला नव्हता. कॅमेऱ्याने समोर जे होते तेच टिपले. समोर होता तो कागद! हिशेबतपासनिसाला हा भेद नित्याचा आहे. पावतीवर खाडाखोड नाही, सही खरी आहे, एवढ्यावरून माल गोदामात आला असे सिद्ध होत नाही. ‘चित्रात फेरफार आहे काय?’ आणि ‘चित्रात दिसणारी वस्तू जगात आहे काय?’ हे दोन वेगळे प्रश्न होत. डॉइल यांनी पहिल्याचे उत्तर मिळवले आणि ते दुसऱ्याच्या खात्यावर जमा केले.

मग छायाचित्राने काहीच सिद्ध होत नाही काय? तसे म्हणणेही चुकीचे ठरेल. २९ मे १९१९ च्या खग्रास सूर्यग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल आणि आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेट येथे ब्रिटिश ज्योतिर्विदांनी ताऱ्यांची छायाचित्रे घेतली आणि त्यांच्या आधारे आइन्स्टाइनचा सिद्धान्त ग्राह्य ठरला. सूर्याजवळून येणारा प्रकाशकिरण १.७५ विकला वळेल, असे भाकीत आधीच मांडलेले होते. न्यूटनच्या नियमानुसार हा आकडा त्याच्या निम्मा येत होता. म्हणजे मोजणीत भाकीत खोटे ठरण्यास पुरेपूर वाव होता. सोब्रालच्या एका दुर्बिणीवरील काचांबाबत वाद झाला, तेव्हा १९२२ च्या ग्रहणात ऑस्ट्रेलियातील वॉलाल येथे दुसऱ्या पथकाने पुन्हा मोजमाप केले आणि भाकीत टिकले.

कॉटिंग्लीतही पुन्हा प्रयत्न झाला होता. १९२१ मध्ये कॅमेरे घेऊन मंडळी गेली. सोबत जेफ्री हॉडसन हा अतींद्रिय दृष्टीचा दावा करणारा गृहस्थ होता. त्याला पऱ्या दिसल्या, कॅमेऱ्याला एकही दिसली नाही. तरीही डॉइल यांनी १९२२ मध्ये पऱ्यांवर पुस्तक लिहिले. जो दावा अपयशाची नोंदच करून घेत नाही, त्याला यशाचा पुरावा मागण्याचा अधिकार उरत नाही. केवळ छायाचित्रावरून परी सिद्ध होणार नाही, ती याच कारणाने. ती कोठे, केव्हा दिसेल हे आधी सांगावे लागेल, तिऱ्हाइतांना ती दिसावी लागेल, आणि न दिसल्यास हार मानावी लागेल.

आजचा प्रश्न

पऱ्यांवर आज फारसे कोणी विश्वास ठेवत नाही. तथापि पुराव्याचा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. एल्सीच्या कॅमेऱ्यासमोर निदान कागद तरी होता. आता संगणकाच्या साहाय्याने समोर काहीही नसताना माणसाचा चेहरा आणि आवाज उभा करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि त्यात त्या नोंदीची ‘हॅश’ ही सांकेतिक खूण नमूद करावी लागते. ही तरतूद आवश्यकच आहे. मात्र तिने सिद्ध होते ते एवढेच, की नोंद नंतर बदललेली नाही. मुळात ती कशाची आहे, हे त्यातून कळत नाही. स्नेलिंगचा निर्वाळाही याच जातीचा होता.

न्यायालयात उलटतपासणी तरी असते. घरोघरी मोबाइलवर येणाऱ्या चित्रांची उलटतपासणी कोण करणार? एखाद्या समाजाविरुद्ध संताप चेतवणारे किंवा परिचिताच्या चेहऱ्याने पैसे मागणारे दृश्य समोर आले, की आपण ते ‘खरे वाटते का’ एवढेच पाहतो. ते कोणी, कोठे, केव्हा टिपले आणि त्या ठिकाणी हजर असलेला दुसरा कोणी तेच सांगतो काय, हे विचारण्याची सवय नागरिकांना लावावी लागेल. हे शिक्षण शाळेतच सुरू झाले पाहिजे, आणि त्यासाठी कॉटिंग्लीच्या चार कागदी पऱ्यांइतका सोपा पाठ दुसरा सापडणे कठीण.