आयव्हीएफ उपचारापूर्वी गर्भनलिकेच्या विकारांचे व्यवस्थापन : एक विवेचन

प्रस्तावना

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मास आली. तिच्या आईच्या गर्भनलिका बंद होत्या. भारतात ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांना असेच यश लाभले. शरीराबाहेर फलन घडवून गर्भ थेट गर्भाशयात सोडण्याची आयव्हीएफ ही पद्धती मुळात निकामी गर्भनलिकेला पर्याय म्हणून विकसित झाली. त्यामुळे 'ज्या नलिकेचा उपयोगच करावयाचा नाही, तिच्यावर उपचार कशासाठी?' हा प्रश्न दांपत्यास पडणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाचे उत्तर व त्यानुसार उपलब्ध असलेले उपचार यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

गर्भनलिका : कार्य व विकार

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस सुमारे १० ते १२ सें.मी. लांबीची एकेक गर्भनलिका असते. अंडाशयातून बाहेर पडलेले बीजांड टिपणे, शुक्रजंतूशी त्याचा संयोग घडू देणे आणि फलित बीज गर्भाशयाकडे वाहून नेणे ही तिची कार्ये होत. आतील सूक्ष्म केसलांच्या हालचालीमुळे हे वहन घडते. म्हणून नलिका केवळ मोकळी असून भागत नाही. तिचे अस्तरही निरोगी असावे लागते.

क्लॅमिडिया व गोनोरिया यांसारखे लैंगिक संसर्ग, प्रसूतीनंतरचा किंवा असुरक्षित गर्भपातानंतरचा जंतुसंसर्ग, एंडोमेट्रिऑसिस आणि पूर्वीच्या शस्त्रक्रिया यांमुळे नलिकेस इजा पोहोचते. भारतात जननेंद्रियांचा क्षयरोग हे त्याचे एक महत्त्वाचे कारण आहे. फुप्फुसातील जंतू रक्तावाटे येथे पोहोचतात व बहुतांश रुग्णांत प्रथम गर्भनलिकांवरच आघात करतात. अनेक स्त्रियांत खोकला, ताप अशी लक्षणे नसतात. मूल होत नाही म्हणून तपासणी केली असता रोग उघडकीस येतो.

हायड्रोसाल्पिंक्सचा परिणाम

नलिकेचे अंडाशयाकडील तोंड बंद होऊन आत द्रव साचला की नलिका फुगते. या अवस्थेस हायड्रोसाल्पिंक्स म्हणतात. हा द्रव नलिकेतच राहत नाही. तो गर्भाशयात झिरपतो. त्यामुळे गर्भ रुजण्याआधीच वाहून जाऊ शकतो, तसेच द्रवातील घटकांचा गर्भावर व गर्भाशयाच्या अस्तरावर प्रतिकूल परिणाम होतो, असे मानले जाते. हायड्रोसाल्पिंक्स असलेल्या स्त्रियांत आयव्हीएफचे यश सुमारे निम्म्यावर येते, असे १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या एकत्रित विश्लेषणांतून दिसून आले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातील तुलनात्मक चाचणीत २०४ स्त्रियांचा समावेश होता. पहिल्या उपचारचक्रानंतर प्रसूतीचे प्रमाण नलिका काढलेल्या गटात सुमारे २९ टक्के, तर न काढलेल्या गटात सुमारे १६ टक्के होते. सोनोग्राफीत स्पष्ट दिसण्याइतक्या फुगलेल्या नलिकांच्या बाबतीत हा लाभ विशेष जाणवला.

निदान

एचएसजी या क्ष-किरण तपासणीत गर्भाशयात रंगद्रव्य सोडून नलिकांचा मार्ग पाहिला जातो. मात्र तपासणीच्या वेळी नलिका आकुंचन पावल्यास ती बंद असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. त्यामुळे एकाच अहवालावर शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे. लॅपरोस्कोपीमुळे नलिका प्रत्यक्ष पाहता येतात आणि आवश्यक ते उपचारही त्याच वेळी करता येतात. क्षयरोगाची शंका असल्यास अस्तराच्या नमुन्याची तपासणी करावी लागते. केवळ पीसीआर चाचणी होकारात्मक आली म्हणून क्षयरोगाचे औषध सुरू करणे उचित मानले जात नाही.

उपचारांचे पर्याय

इजा सौम्य असून स्त्रीचे वय कमी असल्यास नलिकेचे तोंड उघडण्याची शस्त्रक्रिया विचारात घेता येते. तथापि नलिका पुन्हा बंद होण्याचा व नलिकेतच गर्भ राहण्याचा धोका त्यात संभवतो. नलिका गंभीररीत्या खराब झालेली असल्यास आयव्हीएफपूर्वी ती लॅपरोस्कोपीने काढून टाकणे हा प्रस्थापित मार्ग आहे. अंडाशयाच्या रक्तपुरवठ्याचा काही भाग नलिकेलगतच्या पडद्यातून जातो. म्हणून नलिकेस अगदी चिकटून छेद घेणे आवश्यक ठरते.

क्षयरोगात आतडी व नलिका परस्परांस घट्ट चिकटलेली असतात. अशा वेळी नलिका काढण्याचा अट्टहास धोक्याचा ठरतो. तिचे गर्भाशयाकडील टोक बंद करणे हा तुलनेने सुरक्षित पर्याय होय. त्यामुळे द्रवाचा मार्ग बंद होतो. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यातही नलिका काढणे व बंद करणे या दोन्ही उपायांनी गर्भधारणेची शक्यता वाढते, असा निष्कर्ष आहे. सुईने द्रव काढणे सोपे असले तरी तो पुन्हा साचतो. क्षयरोग सिद्ध झाल्यास सामान्यतः सहा महिन्यांचा औषधोपचार प्रथम पूर्ण करावा लागतो. औषधाने रोग बरा होतो, परंतु नष्ट झालेले अस्तर पूर्ववत होत नाही.

वय अधिक व बीजांडांचा साठा कमी असल्यास प्रथम बीजांडे मिळवून गर्भ गोठवून ठेवणे व शस्त्रक्रियेनंतर त्यांचे रोपण करणे, असा क्रमही स्वीकारता येतो.

संमतीचा प्रश्न

दोन्ही नलिका काढल्यावर किंवा बंद केल्यावर नैसर्गिक गर्भधारणेचा मार्ग कायमचा संपतो. यानंतर आयव्हीएफ यशस्वी होईलच याची हमी नसते. अपत्यहीनतेचा ठपका बहुधा स्त्रीवरच ठेवणाऱ्या समाजात हा निर्णय पती किंवा सासरची मंडळी परस्पर घेण्याचा संभव असतो. म्हणून नलिका वाचण्याची शक्यता किती, पर्याय कोणते आणि खर्च किती, हे त्या स्त्रीस तिच्या भाषेत समजावून सांगणे हा उपचाराचाच भाग मानला पाहिजे. पतीच्या वीर्याची तपासणी झाल्याखेरीज तर असा निर्णय घेऊच नये.

निष्कर्ष

आयव्हीएफ गर्भनलिकेस वळसा घालते. परंतु रोगग्रस्त नलिकेचा दुष्परिणाम त्यामुळे टळत नाही. अचूक निदान, क्षयरोगाचा वेळीच शोध, इजेच्या तीव्रतेनुसार उपचाराची निवड आणि स्त्रीची पूर्ण माहितीवर आधारित संमती ही या व्यवस्थापनाची चतुःसूत्री होय. महागड्या उपचारचक्राचे अपयश पदरी येण्यापूर्वी या बाबींचा विचार होणे दांपत्याच्या हिताचे आहे.