मकई गेटची कमान आणि संध्याकाळचं ऊन

रस्त्यावरच्या फोटोत नजर खिळवतात त्या दोन गोष्टी, उजेड आणि चौकट. आपल्या संभाजीनगरात यासाठी मकई गेटसारखी जागा नाही! दरवाजा पश्चिमेचा. संध्याकाळी शहराच्या बाजूने उभं राहिलात की ऊन समोरून, कमानीतून येतं. मोबाइलवर उजळ भागावर बोट टेकवा, एक्सपोजर खाली ओढा. कमान काळी होते, सायकलवाल्याची नुसती आकृती उरते. मग थांबा. तो कमानीच्या काठाला चिकटलेला नको, भोवती मोकळा उजेड हवा. कॅमेरा असेल तर शटर १/५०० च्या आसपास ठेवा. छायाचित्रकार रघुबीर सिंग यांनी अँबॅसडर गाडीच्या दारा-काचांतून अशाच चौकटी साधल्या. त्यांचं ‘अ वे इन्टू इंडिया’ (२००२) हे पुस्तक जरूर बघा. आणि रहदारीला वाट द्या, गेटला लागून असलेला पूल अरुंद आहे.