दोन उत्तरांची पारख

वर्गसमीकरणाचें सूत्र पाठ करून दोन उत्तरें काढणारे विद्यार्थी पुष्कळ; पण त्यांतलें कोणतें घ्यावें हें ते पुस्तकाच्या शेवटच्या पानाला विचारितात. ही पारख आपली आपण कशी करावी, तें नदीकांठच्या एका उदाहरणावरून पाहूं.

महाबळेश्वरीं उगम पावलेली कृष्णा वाई व कऱ्हाडवरून सांगलीस येते. समजा, तिच्या कांठीं एका शेतकऱ्यास भाजीसाठीं आयताकृति जागा राखावयाची आहे. बाभळीच्या फांट्यांचें शंभर हात कुंपण होईल इतकेंच सामान त्याजपाशीं आहे. नदीच्या बाजूस कुंपण नको. उरल्या तीन बाजूंस हवें. नदीपासून आंत येणारी बाजू क्ष हात धरली, तर अशा दोन बाजूंस २ क्ष हात कुंपण लागेल व समोरची बाजू १०० - २ क्ष हात राहील. म्हणून क्षेत्रफळ क्ष (१०० - २ क्ष) चौरस हात.

क्षची किंमत १० घेतल्यास क्षेत्रफळ ८०० येतें; २० घेतल्यास १२००, २५ घेतल्यास १२५०; पुढें ३० ला पुन्हा १२०० आणि ४० ला पुन्हा ८००. तिन्ही बाजू सारख्या घ्याव्या असें कोणासही वाटेल. पण तसें केल्यास ११११ चौरस हातांहून किंचित् अधिक जागा मिळते, १२५० नव्हे. याचें कारण असें कीं, वरील राशि १२५० - २ (क्ष - २५)² अशी मांडितां येते. वर्ग कधीं शून्याहून कमी नसतो. म्हणून १२५० मधून कांहीं वजा होईल, वाढणार मात्र नाहीं. क्ष २५ असतां वजाबाकी शून्य होते, आणि तीच सर्वांत मोठी जागा.

१२०० चौरस हात हवे असल्यास उत्तरें दोन: २० आणि ३०. एक जागा २० हात बाय ६० हात, दुसरी ३० हात बाय ४० हात. दोन्ही खरीं. १३०० हवे म्हटल्यास मात्र एकही उत्तर नाहीं.

परंतु दोन्ही उत्तरें नेहमींच चालतात असें नाहीं. इ. स. १११४ मध्यें जन्मलेल्या भास्कराचार्यांनीं बीजगणितांत वानरांचें एक उदाहरण घातलें आहे. कळपाच्या पांचव्या भागांतून तीन वजा करून जे उरले, त्यांच्या वर्गाइतके वानर गुहेंत गेले; एक फांदीवर दिसतो; तर कळप केवढा? समीकरण ५० आणि ५ अशीं दोन उत्तरें देतें. पण पांचाचा पांचवा भाग एक. त्यांतून तीन कसे वजा करावे? उणे दोन वानर कोणीं पाहिले आहेत? म्हणून आचार्यांनीं ५ हें उत्तर टाकिलें. वानरांच्याच दुसऱ्या एका उदाहरणांत ४८ आणि १६ हीं दोन्ही उत्तरें त्यांनीं स्वीकारिलीं आहेत.

सूत्र उत्तरें देतें. निवड आपण करावयाची. मुलगा घरीं गणित सोडवीत असतां "उत्तर आलें का?" एवढेंच न विचारितां, "तें शेतावर चालेल का?" असेंही वडील मंडळींनीं विचारावें. ज्यांना बीजगणित येत नाहीं, त्यांनाही हा प्रश्न विचारितां येतो.