टेबलावर तडकलेलं हाड

गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेत हातोडी चालते, हे पेशंटला सहसा कुणी सांगत नाही. करवतीने हाडांची टोकं कापायची, तात्पुरता सांधा लावून माप पाहायचं, मग खरा सांधा ठोकून बसवायचा. बरंचसं सुतारकामच ते. आणि ठोकताठोकता कधी हाड तडकतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या सर्जननी आपल्याकडची १७,३८९ ऑपरेशनं तपासून २०१० मध्ये निष्कर्ष छापले. त्यांत ऑपरेशन चालू असताना झालेली ६७ फ्रॅक्चर सापडली, म्हणजे हजारात चार. ४९ मांडीच्या हाडाची, १८ नडगीच्या. पेशंटमध्ये बायका जास्त होत्या. अर्थात, गुडघे बदलून घेण्यातही त्याच पुढे असतात.

मांडीचं हाड खाली दोन गोलसर टोकांत संपतं. गुडघ्यातला मागचा क्रुशिएट लिगामेंट, म्हणजे दोन हाडांना जोडणारा बंध, काढून टाकण्याच्या पद्धतीत या दोन टोकांच्या मधोमध चौकोनी खाच पाडतात आणि सांध्याचा तसाच चौकोनी भाग तिच्यात बसवतात. खाच किंचित अरुंद राहिली किंवा एका बाजूला सरकली, तर ठोकलेला सांधा पाचरीचं काम करतो आणि हाड उभं चिरतं, बहुधा आतल्या बाजूला. लहान चणीच्या बाईच्या हाडात खाचेच्या दोन्ही अंगांना उरणाऱ्या भिंती मुळातच पातळ. त्यात हाडं ठिसूळ झालेली, किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेलं, म्हणजे धोका आणखी वाढला.

तडा दिसला की पहिलं काम हातोडी खाली ठेवण्याचं. चीर कुठवर गेली ते कळेपर्यंत जागा मोकळी करायची, टेबलावरच एक्स-रे काढायचा. तुकडा हललेला नसेल तर आडवे स्क्रू पुरतात. ते घालताना तात्पुरता सांधा जागेवरच ठेवतात, नाहीतर स्क्रू नेमका खाचेत निघतो आणि खरा सांधा अडतो. चीर वर हाडाच्या दांड्यात शिरली असेल तर लांब दांडीचा सांधा लागतो, आणि ती दांडी चिरेच्या टोकापलीकडे हाडाच्या जाडीच्या निदान दुप्पट जायला हवी. सांधा चिकटवणारं सिमेंट चिरेत जाता कामा नये. ते मध्ये आलं की हाडाच्या कडा एकमेकींना टेकतच नाहीत, मग जुळणार कशा?

वेळीच दिसलेला आणि नीट बांधलेला तडा बहुतेकदा भरून येतो. मला जास्त भीती वाटते ती न दिसलेल्याची. तो नंतरच्या एक्स-रेत सापडतो, किंवा पेशंट उभा राहिल्यावर तुकडा सरकतो आणि पुन्हा टेबल गाठावं लागतं.

शेजारच्या कॉटवरच्या मावशी दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालायला लागतात आणि आपल्या आईला मात्र काही आठवडे पायावर पूर्ण भार टाकायला मनाई, हे पाहून घरचे हबकतात. हाड तडकलं म्हणजे डॉक्टरने चूक केलीच, असं धरून चालणं बरोबर नाही. पण ते लपवलं तर संशयाला जागा मिळणारच. त्याच संध्याकाळी नातेवाइकांना एक्स-रे दाखवावा आणि डिस्चार्ज कार्डावर फ्रॅक्चर कुठलं, स्क्रू किती, हे लिहावं. पुढे कधी दुसऱ्या गावच्या डॉक्टरने त्या गुडघ्याचा एक्स-रे काढला, तर ते स्क्रू तिथे कशाला आले, हे त्याला त्या कागदावरूनच कळणार आहे.