अनुभव आपला, पण कथा शिकावी लागते

आपल्या तरुणाला कथा लिहावीशी वाटते तेव्हा त्याला हमखास दोन सल्ले मिळतात. पहिला प्रस्थापितांकडून येतो: आधी थोरामोठ्यांचे साहित्य वाच, भाषा सुधार, मग लिहायला बस. दुसरा चळवळीतल्या मित्रांकडून येतो: तू जगला आहेस तेवढे पुरे, वाचून तुझा अस्सलपणा जाईल, आहे ते ओतून दे. पहिल्या सल्ल्याने त्याला स्वतःच्या बोलीची लाज वाटू लागते. दुसऱ्या सल्ल्याने तो आठ-दहा पाने झपाट्याने लिहितो आणि पुढे काय करायचे ते न कळल्यामुळे थांबतो.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी चार-दोन मुलेमुली वहीत लिहिलेल्या कथा घेऊन येतात आणि त्या वह्यांत हे दोन्ही सल्ले मला उमटलेले दिसतात. काही वह्यांतली वस्तीतली म्हातारी पाठ्यपुस्तकासारखी बोलते. काही वह्यांत अन्यायाची हकीकत असते, ती खरी असते, वाचून जीव तुटतो. पण ती फिर्याद असते. फिर्यादीचे मोल मी कमी मानत नाही. आपल्या समाजाला ती मांडण्याचा हक्कही लढून मिळवावा लागला. परंतु फिर्याद ऐकणाऱ्याकडे न्याय मागते आणि कथा वाचणाऱ्याला त्या जागी नेऊन उभे करते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि दुसऱ्या कामाला वेगळी तयारी लागते.

घरात कातडे आहे म्हणून वहाण होत नाही. कातडे कमवावे लागते, बेतावे लागते, शिवावे लागते. आपल्या बापजाद्यांना हे कुणी सांगण्याची गरज नव्हती. अनुभवाचेही तसेच आहे. दुःख मोठे आहे म्हणून त्याची कथा आपोआप मोठी होत नाही.

हे कसब शिकायचे कुठे? कथा सांगणे आपल्याला नवे नाही. जात्यावरच्या ओव्या, वग, आंबेडकरी जलसे यांतून आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी सांगितल्या. नवी आहे ती एकट्याने वाचायची छापील कथा. तिच्यात सांगणाऱ्याचा आवाज नसतो, हातवारे नसतात, ढोलकी नसते. सगळे शब्दांनीच साधावे लागते. ते इतरांनी कसे साधले हे पाहायचे तर त्यांच्या कथा वाचल्यावाचून गत्यंतर नाही. मात्र परीक्षेसाठी वाचतो तसे वाचून भागत नाही. वर्गात आपण विचारतो, लेखकाला काय सांगायचे आहे? लिहू पाहणाऱ्याने दुसरेच तीन प्रश्न विचारावेत. गोष्ट केवढी घेतली आहे? एका घटनेतून दुसरी कशी निघाली आहे? आणि सांगणारा कुठे उभा आहे? या तीन प्रश्नांसाठी मी येथे तीन कथा घेतो.

पहिली प्रेमचंदांची ‘ठाकुर का कुआँ’. ती १९३२ सालची. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, म्हणजे ही कथा त्यानंतर पाच वर्षांनी आली. विषय तोच, पाण्याचा. पण प्रेमचंदांनी गाव, पंचायत, दंगल यांतले काहीच घेतले नाही. त्यांनी एक रात्र घेतली आणि एक घडा घेतला. आजारी जोखूला प्यायच्या पाण्याची घाण येते, कारण विहिरीत जनावर मेलेले असावे. त्याची बायको गंगी रात्री ठाकुराच्या विहिरीवर जाते, अंधारात लपून राहते, संधी मिळताच घडा सोडते. इतक्यात ठाकुराचे दार उघडते, हातातली दोरी सुटते आणि ती पळत घरी येते. घरी जोखू तेच घाण पाणी पीत असतो. कथा तिथेच संपते, आणि त्यानंतर लेखक एकही शब्द बोलत नाही.

आमची मुले जे पहिल्याच कथेत आजोबांपासून नातवापर्यंत सगळे सांगू पाहतात, त्यांनी ही कथा पाच वेळा वाचावी. अन्याय हजारो वर्षांचा असला तरी कथेला एक रात्र पुरते. शेवटी जोखूच्या तोंडाला लागलेले भांडे दिसले की अस्पृश्यतेवर वेगळे भाषण करावे लागत नाही.

दुसरी कथा अण्णा भाऊ साठे यांची ‘स्मशानातील सोनं’. अण्णा भाऊंना शाळा जवळजवळ मिळालीच नाही. तरी गॉर्की त्यांनी आपलासा केला आणि २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन त्यांनी केले. वाचनाने अस्सलपणा जातो असे म्हणणाऱ्यांनी अण्णा भाऊंचा कोणता अस्सलपणा गेला ते दाखवावे.

या कथेतला भीमा वारणेकाठचा धिप्पाड गडी. मुंबईजवळच्या खाणीत तो दगड फोडतो. खाण बंद पडते, काम जाते, पोरीच्या तोंडात घास घालायला काही उरत नाही. मग प्रेताबरोबर गेलेले किडूकमिडूक सोने त्याला सापडते आणि मसणवटा हीच त्याची नवी खाण होते. एका रात्री त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात आणि शेवटी ती गमवावी लागतात. आणि नेमके तेव्हाच खाण पुन्हा सुरू झाल्याचे कळते.

यातली प्रत्येक घटना मागच्या घटनेच्या पोटातून आली आहे. खाण बंद पडली नसती तर भूक नव्हती, भूक नसती तर मसणवटा नव्हता, मसणवटा नसता तर बोटे शाबूत होती. आणि काम परत आले तेव्हा काम करणारा हात राहिला नाही. दैव, योगायोग, पाप यांच्यावर लेखकाने काही ढकलले नाही. व्यवस्था माणसाला कसे चेपत नेते याचे विवेचन आपण अभ्यासवर्गात तासभर करतो. येथे ते विवेचन घटनांच्या क्रमातच बसले आहे. आपल्या कथेतील प्रत्येक प्रसंगापुढे ‘म्हणून’ हा शब्द लावून पाहावा. ‘म्हणून’ बसत नसेल आणि ‘नंतर’ एवढेच बसत असेल, तर ती हकीकत आहे असे समजावे.

तिसरी कथा बाबूराव बागुल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’. याच नावाचा संग्रह १९६३ साली आला आणि मराठी कथेची बैठक हलली. निवेदक शिकलेला आहे, कविता करणारा आहे. रेल्वेत नोकरी लागते, राहायला खोली हवी असते, म्हणून तो जात लपवतो. जात कळते तेव्हा ज्यांच्याकडून मान मिळत होता त्यांच्याच हातून मार बसतो. खोली भाड्याने घेताना आडनावावरून चौकशी होण्याचा अनुभव आजही आपल्या मुलांना येतो. त्यामुळे ही कथा जुनी झाली असे वर्गात मला कुणी म्हणत नाही.

येथे सांगणारा आतून बोलतो. प्रेमचंद गंगीजवळ उभे आहेत, करुणेने आणि संतापानेही; पण विहीर, अंधार, गंगी हे सारे त्यांना शेजारून दिसते आहे. बागुलांच्या कथेत मार अंगावर पडतो तो ‘मी’च बोलतो. शिवाय बागुलांनी आणखी एक गोष्ट केली. या ‘मी’समोर त्यांनी काशिनाथ उभा केला. तोही त्याच जातीचा, पण जात न लपवणारा, अंगावर येईल त्याला शिंगावर घेणारा. शेवटी निवेदकाला सोडवायला तोच येतो. एकाच अपमानाला दोन माणसे दोन तऱ्हांनी सामोरी जातात. त्यामुळे ‘दलित माणूस’ अशी एकच छापील आकृती कथेत राहत नाही, माणसे तयार होतात. नवोदितांच्या कथांत आपली सगळी माणसे एकसारखी सोशिक किंवा एकसारखी विद्रोही असतात. वस्तीत राहिलेल्याला ठाऊक असते की एकाच घरात दोन भाऊही एका स्वभावाचे नसतात.

सांगणारा कुठे उभा आहे हा प्रश्न एकदा हाती आला की कोणाचेही साहित्य न भिता वाचता येते. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पुस्तकरूपाने १९५५ साली आली. ती सांगणारा शाळामास्तर आहे, बाहेरून धनगरवाडीत आलेला. ती वाचताना माळरान आणि माणसे मोजक्या शब्दांत कशी उभी करावीत हे शिकावे, आणि त्याच वेळी विचारावे की हीच वाडी तिथल्या एखाद्या पोरीने सांगितली असती तर काय दिसले असते? उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत आंबे विकणारी आई आहे आणि तिच्याबरोबर गेलेला शाळकरी मुलगा आहे. बाजारातले द्वयर्थी बोलणे मुलाच्या कानातून आपल्यापर्यंत येते, म्हणून ते इतके बोचते. बाईचा अपमान कुणाच्या नजरेने दाखवावा, हा प्रश्न आपल्या पुरुष लेखकांनी त्यांच्याकडून शिकावा.

दुसऱ्यांचे वाचले की आपण नक्कल करू, ही भीती मला रास्त वाटत नाही. रिचर्ड राईट या काळ्या अमेरिकन लेखकाने आपल्या ‘ब्लॅक बॉय’ या १९४५ सालच्या आत्मकथनात लिहिले आहे की मेम्फिस शहरात ग्रंथालयाची पुस्तके काळ्यांना मिळत नसत. त्याने एका गोऱ्या सहकाऱ्याचे कार्ड घेतले, त्याच्या नावाने खोटी चिठ्ठी लिहिली आणि आपण निरोप्या आहोत असे भासवून पुस्तके मिळवली. ती पुस्तके मेंकेन, ड्रायझर अशा गोऱ्या लेखकांची होती. ती वाचून राईट गोऱ्यांसारखा लिहू लागला नाही. शब्दांचे शस्त्र करता येते हे त्याला त्यातून उमगले, आणि १९४० साली त्याची ‘नेटिव्ह सन’ आली तेव्हा तिच्यातला संताप सर्वस्वी त्याचा होता. ज्यांना पुस्तकाजवळ येऊ दिले नाही त्यांनी पुस्तक आपण होऊन दूर लोटावे, यासारखा प्रस्थापितांचा दुसरा फायदा नाही.

एक प्रश्न मुले नेहमी विचारतात: आत्मकथन लिहू की कथा? ‘बलुतं’ १९७८ साली, ‘उपरा’ १९८० साली आणि ‘अक्करमाशी’ १९८४ साली आले. या पुस्तकांनी मराठी वाचकाची झोप उडवली. त्यांचे ऋण मानूनही मी सांगतो की आत्मकथन माणूस बहुधा एकदाच लिहितो, आणि त्यात आई, बहीण, बायको खऱ्या नावानिशी उभ्या राहतात. त्यांना विचारलेले नसते. कथेत आईचे दुःख दुसऱ्या बाईला देता येते, त्यामुळे ते जास्त खरेपणाने सांगता येते. आणि कथेत शत्रूच्या घरातही शिरता येते. खोली नाकारणारा घरमालक रात्री बायकोशी काय बोलतो, हे आत्मकथनाला सांगता येत नाही. कथेला सांगता येते, आणि ते कळल्याशिवाय जात कशी टिकते हे पुरते कळत नाही.

आता सुरुवात कशी करावी? वर्षभरात शंभर पुस्तके वाचण्याचा संकल्प करू नये. पाच-सहा कथा निवडाव्यात आणि प्रत्येक चार-पाच वेळा वाचावी. पहिल्यांदा नुसती वाचावी. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन प्रसंगांची यादी करावी. तिसऱ्यांदा लेखकाने काय सांगितले नाही ते टिपावे. मग तीच कथा दुसऱ्या पात्राच्या तोंडून दोन पानांत लिहावी. गंगीची वाट पाहणाऱ्या जोखूची रात्र कशी गेली असेल? हा सराव छापायचा नसतो. त्यानंतर आपल्या माहितीतली एकच घटना घ्यावी, एका दिवसापलीकडे जाऊ देऊ नये, आणि ज्या भाषेत आजीला सांगू त्या भाषेत संवाद लिहावेत. लिहून झाल्यावर वस्तीतल्या चार माणसांना मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणारा जिथे चुळबुळ करतो तिथे कथा सैल आहे, आणि जिथे तो ‘असं बोलत नाहीत रं’ म्हणतो तिथे भाषा उसनी आहे. इतका चोख समीक्षक विद्यापीठातही मिळत नाही.

आपल्यातल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनीही एक करावे. गावातल्या विहारात किंवा समाजमंदिरात पुस्तकांचे एक कपाट असावे आणि महिन्यातून एकदा तिथे एकच कथा सर्वांनी मिळून वाचावी. जयंतीच्या खर्चातला लहानसा वाटा त्याला पुरेल. आपल्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिले, दयेने लिहिले, तुच्छतेनेही लिहिले. आपल्या गोष्टी आपल्या जागेवरून सांगणारी मुले हवी असतील तर त्यांच्या हातात लेखणीआधी पुस्तक पडले पाहिजे, आणि ते कसे वाचायचे हे सांगणारे कुणीतरी शेजारी बसले पाहिजे.