गाणं निमित्ताला, गप्पा मुक्कामाला

नरकचतुर्दशीच्या सकाळी फडके रोडवर नेमका कार्यक्रम काय असतो, असं बाहेरगावच्या पाहुण्याने विचारलं की डोंबिवलीकराची पंचाईत होते. कारण तिथे कार्यक्रम असा नसतोच. अभ्यंगस्नान, फराळाचे दोन घास, नवे कपडे आणि मग गणेश मंदिरात दर्शन. दर्शन दहा मिनिटांत आटोपतं. उरलेली सकाळ रस्त्यावर उभं राहण्यात जाते. टिळकनगर विद्यामंदिराची एक बॅच इकडे, स. वा. जोशी शाळेची तिकडे, पेंढरकर कॉलेजवाले मध्येच कुठेतरी. पैठणी, झब्बे, गजरे, कॅमेरे, आणि 'अगं तू! किती बारीक झालीस!' हे वाक्य वीस पावलांवर एकदा. वाहनं बंद असतात, म्हणून रस्ता खऱ्या अर्थाने पायी माणसांचा होतो. अलीकडे अप्पा दातार चौकात गाण्याचा मंच उभा राहतो, पण बहुतेकांची पाठ मंचाकडे आणि तोंड मित्रांकडे असतं. मला तरी यात गैर काही वाटत नाही.

गणेश मंदिर १९२४ सालचं. याच मंदिर संस्थानाने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली आणि ती पुढे ठाणे, गिरगाव करत राज्यभर पसरली. त्या यात्रेला आयोजक आहेत, समित्या आहेत, चित्ररथ आहेत. दिवाळीच्या सकाळची गर्दी मात्र आमंत्रणाशिवाय जमते. गिरगाव-दादरच्या चाळींतून जागा पुरेना म्हणून जी मराठी कुटुंबं डोंबिवलीला आली, त्यांच्या घरातली कमावती माणसं रोज लोकलने मुंबईला जाणारी. सकाळी अंधारात निघायचं, रात्री अंधारात परतायचं. एकाच गावात राहून मित्राचं तोंड महिनोन् महिने दिसत नाही. रविवार दळण आणि भाजीत जातो. अशा गावाला वर्षातून एक सकाळ नुसत्या भेटण्यासाठी राखून ठेवावी लागली, तर नवल नाही.

या सकाळची सुरुवात घराघरांत रेडिओने व्हायची. आंघोळीच्या वेळी आकाशवाणीवर नरकासुर वधाचं कीर्तन, कारीट पायाखाली फुटतंय, आणि न्हाणीघराच्या दाराशी पुढचा भाऊ टॉवेल घेऊन उभा. रेडिओनेच आपल्याला दुसऱ्याच्या आवडीचं गाणं ऐकायची सवय लावली. मुंबई केंद्राच्या 'आपली आवड'मध्ये पत्र पाठवायचं, गाण्याआधी फर्माईश करणाऱ्यांची नावं वाचली जायची, आणि त्यात आपलं नाव आलं की चाळभर मान. १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री केसकरांनी चित्रपटगीतांना आकाशवाणीवर जवळपास दार बंद केलं, तेव्हा श्रोत्यांनी काटा रेडिओ सिलोनकडे फिरवला. त्याच साली तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. सरकारला शहाणपण यायला पाच वर्षं लागली. विविध भारती आली ती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी.

कॅसेट आली आणि फर्माईश गल्लीत उतरली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी करायची, दुकानात द्यायची, दोन दिवसांनी कॅसेट 'भरून' मिळायची. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं, आठ-नऊ गाणी. शेवटचं गाणं मध्येच तुटू नये म्हणून एखादं लहान गाणं यादीच्या तळाशी लिहून ठेवणारे हुशार लोक असत. कॉपीराइट नावाची गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. दिवाळीत भाऊबीजेला येणाऱ्या बहिणीसाठी अशी कॅसेट तयार ठेवायची, म्हणजे यादीवरून वाद ठरलेला. 'हे गाणं तुला कधीपासून आवडायला लागलं?' या प्रश्नाच्या उत्तरात घरातली बरीच गुपितं बाहेर पडत. आता दुवा पाठवतात. समोरचा अंगठा दाखवतो, गाणं ऐकेलच असं नाही.

पण गाणं वाटून घेण्याचा आपला खरा घरगुती खेळ म्हणजे भेंड्या. कोजागरीला गच्चीवर, मसाला दुधाचं पातेलं मध्ये ठेवून त्यांचा हंगाम सुरू होतो आणि भाऊबीजेच्या जेवणानंतर सतरंजीवर संपतो. झी टीव्हीवर १९९३ मध्ये अन्नू कपूर यांची अंताक्षरी आली, त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे हे चालू होतं. नियम प्रत्येक घराचे वेगळे. 'ळ'ने मराठी शब्दच सुरू होत नाही, म्हणून 'ळ' आला की 'ल' चालवून घ्यायचा. 'ण' आला की 'न'. काही घरांत ही सवलत फक्त लहान मुलांना. ध्रुवपद पूर्ण म्हटलं पाहिजे, नुसती पहिली ओळ टाकून पळता येत नाही. एकदा झालेलं गाणं पुन्हा चालत नाही, आणि झालं होतं की नाही यावर निवाडा देणारी एक आत्या प्रत्येक गच्चीवर असतेच. तिच्या निकालावर अपील नाही.

भेंड्यांत आवाज लागतो का, हा प्रश्नच नसतो. सूर हरवला तरी शब्द आठवला की गुण मिळतो. त्यामुळे एरवी चार माणसांत तोंड न उघडणारे काका अचानक एखादं नाट्यपद अख्खं म्हणून दाखवतात. मग 'हे तुम्ही कुठे ऐकलंत?' असं कुणीतरी विचारतं, खेळ थांबतो आणि गप्पा सुरू होतात. भेंड्यांचं यश मी यावरून मोजतो, की त्या किती वेळा अर्धवट राहिल्या.

ही गाणी इतकी तोंडात का बसली, याचं एक कारण यांत्रिक आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच मावत. भावगीताला त्या मापात बसावं लागलं. छोटं ध्रुवपद, दोन-तीन कडवी, संपलं. ठाण्याला या प्रकरणात विशेष अभिमान मिरवायचा हक्क आहे. पी. सावळाराम सांगली जिल्ह्यातल्या येडेनिपाणीचे, पण राहिले ठाण्यात. त्यांचे शब्द, वसंत प्रभूंची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज या त्रयीच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. हेच सावळाराम पुढे ठाण्याचे नगराध्यक्ष झाले. गीतकाराला नगराध्यक्ष करणारी गावं महाराष्ट्रात फार नसावीत. महापालिका आजही त्यांच्या नावाने पुरस्कार देते. पं. राम मराठेही ठाणेकरच. १९६३ च्या 'मंदारमाला'ला संगीत त्यांचं आणि त्यात भूमिकाही त्यांची. त्यांच्या स्मृतिसमारोहात ठाणेकर रसिक अजून गर्दी करतात. कल्याणला गायन समाज आहे, आणि तिथला भास्करबुवा बखल्यांच्या स्मरणार्थ होणारा देवगंधर्व महोत्सव जाणकार चुकवत नाहीत.

हे सगळं मागे असल्यामुळे 'दिवाळी पहाट' नावाची मैफल या पट्ट्यात सहज रुजली. तिची एक बाजू फारशी बोलली जात नाही. आपल्या बहुतेक मैफली संध्याकाळी होतात, त्यामुळे ललित, अहिर भैरव, तोडी हे सकाळचे राग समोर बसून ऐकण्याचा योग नोकरदार माणसाला क्वचितच येतो. दिवाळीच्या सकाळी तो येत असे. आधी भूपाळी, मग अभंग, नाट्यपद, भावगीत आणि शेवटी भैरवी. मध्ये निवेदक. चांगला निवेदक गाण्याची जन्मकथा सांगतो आणि श्रोता ती घरी जाऊन पुन्हा सांगतो. वाईट निवेदक प्रायोजकांची नावं वाचतो.

आता तलावपाळी. मासुंदा तलावाच्या काठी गडकरी रंगायतन १९७८ पासून उभं आहे, आणि तिथून राम मारुती रोडपर्यंत दिवाळीच्या सकाळी ठाण्याची तरुणाई लोटते. डोंबिवलीसारखंच भेटण्यासाठी. फरक इतकाच की इथे गेल्या काही वर्षांत मंच वाढले, मंचामागे पक्ष आले आणि पक्षांबरोबर भल्यामोठ्या ध्वनिभिंती. २०२२ मध्ये तर याच पहाटेच्या जागेवरून शिवसेनेच्या दोन गटांतला वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाला आणखी कामं असतात, असं आपण समजत होतो.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून कागदोपत्री ही 'पहाट' सहानंतरच उजाडते. दिवसा निवासी भागात मर्यादा ५५ डेसिबल, बाजारपेठेत ६५. दोन माणसं समोरासमोर साधं बोलतात तो आवाज ६० च्या आसपास असतो. म्हणजे माणसाचं बोलणं ऐकू यावं, इतपतच आवाजाची मुभा कायद्याने दिलेली आहे. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. नव्वदीला पोचलेल्या भिंतीसमोर उभे असलेले मित्र एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांच्या कानात ओरडतात. मग तेही थांबतं आणि सगळे मोबाइल वर धरतात. गाण्यांची निवडही मंचावर होते. चिठ्ठी पाठवून फर्माईश करायची सोय या मांडणीत उरलेली नाही.

कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, राज्य सरकारने दिवाळी पहाटेसारखे कार्यक्रम न करण्याची सूचना काढली. ते ऑनलाइन करा, असंही सांगितलं. गाणी ऑनलाइन झाली, पडद्यावर छान दिसलीही. पण फडके रोडला पर्याय सापडला नाही. तिथे गाणं नव्हतंच कधी मुख्य.

गाणं आणि गप्पा एकत्र नांदवण्याचं कसब पाहायचं असेल तर कल्याण-डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमधली भजनी मंडळं पाहावीत. टाळ पिशवीत, डबा रॅकवर. कुणी अभंग उचलतो, बाकीचे धरतात, ठाणं आलं की चढणाऱ्यांना सरकून जागा देतात, दोन अभंगांमध्ये साहेबाची निंदा आणि मुलीच्या लग्नाची बोलणी होतात. खंडेनवमीला डब्याला हार-तोरणं लागतात, पेढे वाटले जातात. ध्वनिक्षेपक नाही आणि तरी शेवटच्या बाकड्यापर्यंत ऐकू जातं.

मंच उभारणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: गायक हवेत, वादक हवेत, आवाज मात्र अर्ध्यावर आणा आणि मंचाशेजारी फर्माइशीची एक पेटी ठेवा. आणि वाचकहो, यंदा फडके रोडला यायचं ठरवलंत तर गाडी घरी ठेवा, लोकलने या, पूर्वेला उतरा. नऊनंतर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा त्याआधी पोचा.